नोकरीची भांडी

आत्याबाई कुणाच्याही घरी गेली, की पाणी पिऊन झाल्यावर तांब्या उपडा करून त्याचं बूड बघायची. मग बोलत बोलत स्वयंपाकघरात शिरायची आणि तिथली दोन-चार भांडी बोटाच्या पेरानं वाजवून पाहायची. मी सोबत असले की मला लाजेनं कुठं तोंड लपवू असं होई. पण घरच्या बायांना तिचा राग येत नसे. एकदा आमच्या आंधळगावातच, आळीतल्या एका घरी, एकाच बाजूनं काळा पडलेला गंज, म्हणजे भाताचं पातेलं, पाहून ती म्हणाली, "तुही चूल एका अंगानं खचली वो. भात एकीकडं कच्चा राह्यत असन." त्या घरच्या सुनेला कच्च्या भातावरून दोन वर्षं बोलणी खावी लागत होती. चूल लिंपून सारखी केली, आणि भात सारखा शिजू लागला. ती सून पुढं सणासुदीला आधी आत्याबाईच्या पाया पडायची, मग सासूच्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कमी वयात विधवा होऊन ती माहेरी परत आली होती. अक्षरओळख नव्हती, पण पितळ, तांबं, जर्मन, स्टील यांतलं तिला सगळं कळे. गावात लग्न ठरलं की मुलीकडचे लोक भांडी घ्यायला तिलाच भंडाऱ्याला न्यायचे. "चकाकी नोका पाहू," ती म्हणायची. "चकाकी चार दिसात जाते. बूड पाहा, काठ पाहा. रांधाले तेच कामी येते."

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मला सानगडीच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. पत्र आलं त्या दिवशी घरात आनंद झाला तो तासभर. मग बाबांनी विचारलं, "राह्यशील कोठी? खाशील काय?" मी म्हटलं, खोली घेईन, हातानं करून खाईन. बाबा धानाच्या शेतात शिरणाऱ्याला बांधावर अडवावं तसे दारात उभे राहिले. "एकट्या पोरीचं घर कोठी असते का? लगन होऊ दे, मंग मांड घर."

आत्याबाई तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "पांडू, चूल पेटली आन् वर गंज चढला का झालं घर. त्याले नवरा कायले लागते?"

चार दिवस बाबांनी जेवण शेतावरच मागवलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "जाऊ दे तिले. माळ्यावरचे जुने भांडे दे बांधून."

"जुने नाही," आत्याबाई म्हणाली. "जुने भांडे घेऊन गेलेली पोरगी वापस येते. लगनाले नवे घेतले असते ना? मंग नोकरीलेही नवेच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भंडाऱ्याला गेलो. दुकानदारानं मला खालीवर पाहिलं आणि हसत विचारलं, "लगन कधीचं हाय जी?"

"लगन नाही. नोकरी हाय," आत्याबाई म्हणाली. "पोरगी मास्तरीण झाली."

दुकानदाराचं हसू ओसरलं. लग्नासाठी म्हणून पुढं ओढलेले मोठे गंज त्यानं मागं सारले आणि वीतभर उंचीचं एक पातेलं समोर ठेवलं. "एकट्या जिवाले हे पुरे."

आत्याबाईनं ते उचललंही नाही. "एकटी राह्यन, पण उपाशी राह्यणार नाही. आन् पाव्हणा आला तर त्याले काय पाटी-पेन्सिल वाढन? तीन माणसाच्या भाताचा दाखवा."

त्यानं कल्हई केलेला एक पितळी गंज काढला. आरशासारखा. मला तो फार आवडला. आत्याबाईनं कानाशी धरून पेरानं वाजवला, पुन्हा वाजवला, आणि मान हलवली. "आवाज बसका हाय."

"काही बोलून राहिल्या बाई! कोरा माल हाय," दुकानदार चिडला. तोवर दोन-तीन गिऱ्हाइकं जमली होती. आत्याबाईनं गंज पाण्यानं भरायला लावला, वर्तमानपत्राच्या कोरड्या पानावर ठेवला आणि हाताची घडी घालून बसली. शेजारच्या टपरीवरून चहा आला, तोही पिऊन झाला. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. एवढ्या एका गंजात आत्याबाई चुकली, तर परत जाऊन बाबांना तोंड काय दाखवायचं?

"उचला आता," ती म्हणाली.

दुकानदारानं गंज उचलला. पानावर रुपयाएवढा ओला डाग होता. त्यानं बूड निरखून पाहिलं, तेव्हा केसासारखी चीर दिसली. तो भला माणूस होता. गंज बाजूला ठेवून म्हणाला, "मायबाई, मलेही नव्हतं मालूम. या, आतमध्येच या. तुमच्या हातानं निवडा." जमलेल्या बायांनी मग आपापली घेतलेली भांडीही आत्याबाईपुढं वाजवायला धरली.

गंज, परात, तांब्या, झारा झाला. लोखंडी तव्यांच्या राशीजवळ आत्याबाई थांबली. "हा तू घे. पोळ्या तुले भाजाच्या हायेत." मी कितीतरी तवे उचलून पाहिले आणि एक पुढं केला. तिनं तो वाजवला नाही, उपडा केला नाही. नुसता पिशवीत टाकला. नोकरीचं पत्र हातात आलं तेव्हाही मला एवढं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

सानगडीला जाऊन दोन महिने झाले असतील. एका रविवारी दारात बाबा उभे, मागं आत्याबाई. बाबांचा चेहरा मला घरी न्यायला आल्याचा. मी भात टाकला, लाखोरीच्या डाळीचं वरण केलं, वांगी केली. बाबा ताटावर बसले, पण हात पुढं होईना. अवघडल्यासारखे झाले होते. लेकीच्या घरी जेवायचं, ते कसं?

आत्याबाई म्हणाली, "लगन झालं असतं तर तू हिच्या घरचं पाणीही पेला नसता. आता तर घर हिचंच हाय, सासऱ्याचं नाही. जेव पोटभर."

बाबा जेवले. दुसऱ्यांदा भात मागितला, तिसऱ्यांदाही. गंजात होता. संध्याकाळच्या एसटीनं निघताना माझी पिशवी बांधायला कुणी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात गावाहून निरोप आला, की बाबा पारावर बसून ज्याला त्याला सांगत आहेत, "पोरीच्या घरी जेवून आलो."

आत्याबाईला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिची आठवण निघाली की मला तिच्या शेवटच्या वर्षांतली एक सकाळ दिसते. मी सुटीत गावी आले होते. आत्याबाई गुडघ्यांनी अधू होऊन ओसरीत बसलेली. बाबा शेजारच्या शालूला हाताला धरूनच अंगणात आले. मागं तिचा बाप, कपाळाला आठ्या घालून.

"बाई, चपला घाल," बाबा म्हणाले. "शालूले दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. हा म्हणते, एकट्या पोरीले कायले पाठवू. मी म्हटलं, तू चूप राह्य. पयले भंडाऱ्याले जाऊन भांडे घेऊ, मंग बोलू."

आत्याबाईनं भावाकडं पाहिलं. मग खांबाला धरून, माझा हात बाजूला सारून, स्वतःची स्वतः उठली.