वरचा गंधार

बाने नवी पेटी आणली तेव्हा घरात तिला ठेवायला जागाच नव्हती. वाशीमला लागून आमचा मळा, मळ्यातच घर, आणि घरात जिकडे पाहावं तिकडे वाळलेल्या मिरच्या नाहीतर वांग्यांच्या टोपल्या. शेवटी मायने कोपऱ्यातली बियाण्याची मडकी हलवली, तिथे पाट मांडला आणि पेटी गोधडीत गुंडाळून त्यावर बसवली. बाळंतिणीला जपावं तशी.

पेटी म्हणजे बाजाची पेटी. आमचं मळेवाल्यांचं भजनी मंडळ होतं. बा त्यात मुख्य गाणारा आणि मी त्याच्यामागे पेटी वाजवणारा. मंडळाची जुनी पेटी कुठल्याशा मोडलेल्या नाटक मंडळीकडून आलेली, भात्याला मोटेच्या चामड्याचं ठिगळ लावलेली. माझा हात तिच्यावरच बसला होता. मग एका साली मिरचीने हात दिला आणि बा अकोल्याला जाऊन आला. येताना आगगाडीत पेटी मांडीवरून खाली म्हणून ठेवली नाही. एवढ्या पैशात बैलजोडी आली असती, हे काकाने आधी बाला सांगितलं, नंतर मला, आणि मग मळ्यावर जो कोणी भाजी घ्यायला येईल त्याला.

बैलजोडी घेतली असती तर ती दुसऱ्या दिवशी मोटेला जुंपली असती. पेटीचं तसं नव्हतं. "बाहेर न्याची नाई," बाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. बंडीत धक्के बसतात, रस्त्याची माती भात्यात जाते, कोणीतरी तंबाखूच्या हाताने पट्ट्या दाबून पाहतो, आणि देवळात पोरं तर अंगावरच बसतात. बाचं काही खोटं नव्हतं. सोन्याची सुरी असली तरी कोणी उरात मारून घेत नाही, असंही तो म्हणायचा. त्यावर माय विचारायची, "मंग ठेवाले आनली का वाजवाले?"

माझं म्हणाल तर मला भीती नव्हती, कुतूहल होतं. घरात वाजवली की तिचा आवाज भिंतीवर आपटून माझ्याच अंगावर यायचा. मोकळ्या मैदानात, मांडवाखाली, माणसांत ही कशी बोलेल? आणि तिच्या आवाजावर बाचा आवाज कसा लागेल? बाचं वय होत चाललं होतं. गळा अजून भरलेला होता, पण पूर्वीसारखा लांब पल्ला आता मारत नव्हता. ही दोन्ही एकदा तरी लोकांत एकत्र ऐकायची मला घाई झाली होती. मनात दुसरं काही येईनाच. वांग्यांना पाणी देतानाही मी बोटं हलवत असे.

अनसिंगच्या एका देवळावर कळस चढायचा होता. आमच्या मंडळाला दुपारच्या भजनाचं बोलावणं आलं. मी बाच्या मागेच लागलो. तो हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. तोडगा मायने काढला. "नवी ने अन् जुनीबी ने. नवी रुसली तं जुनी हायेच."

बैलांच्या दमणीत कडबा अंथरला, त्यावर नवी पेटी आणि तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं. जुनी मागे टोपल्यांजवळ उघडीच पडली होती. वाटभर प्रत्येक खड्ड्याला बा पेटीवर हात ठेवायचा, आणि हाकणाऱ्या काकाला "दमानं, दमानं" म्हणायचा. काका माझ्याकडे वळून म्हणाला, "तुही माय तरी यानं कधी अशी नेली होती का रे?" बा हसला नाही.

मांडवात मी गोधडी काढली. काळी चकचकीत पेटी पाहून पुढची माणसं सरकून आणखी पुढे आली. मी भाता मारला, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. घरात कोंडलेला आवाज तिथे सरळ पिंपळापर्यंत गेला. बाने अभंग धरला. सगळं झकास चाललं होतं. बा चढत चढत वरच्या सप्तकात गेला, गंधाराला पोचला, आणि तिथेच काहीतरी बिनसलं. तो आणि पेटी एकमेकांना खेटून उभे होते, पण एका जागी नव्हते. झांजवाल्याने माझ्याकडे पाहिलं. बा पुन्हा वर गेला, पुन्हा तेच. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने दातात कचकन खडा यावा तसं तोंड केलं.

"बिघडली," बा माझ्या कानाशी म्हणाला. "आपटली वाटेत. जुनी घे."

मी जुनी ओढली. ठिगळाच्या भात्याने ती धापा टाकत वाजू लागली. बा त्याच गंधाराला गेला आणि दोघं असे मिळाले की मांडवातून "वाहवा" आली. मला मात्र रडू येईल की काय असं झालं होतं. ज्या पेटीला आम्ही तळहातावर आणलं ती बाजूला पडून होती, आणि टोपल्यांबरोबर हिसके खात आलेली वाहवा घेत होती.

घरी आल्यावर बाने काकाच्या हाकण्याचा उद्धार केला, रस्त्याचा केला, दमणीच्या चाकांचाही केला. माय भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "नाचता येईना, अंगन वाकडं." बा जेवला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं. पेटी पुन्हा गोधडीत गेली, आणि या वेळी वर सुतळीही बांधली गेली.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. धक्क्याने बिघडायची तर नेमकी एकच पट्टी कशी बिघडेल? एके दुपारी मी सुतळी सोडली. खालचा गंधार आणि वरचा गंधार एकाच वेळी दाबले. दोन्ही एकमेकांत विरघळून गेले. मग जुनीवर तेच केलं. तिथे दोन्ही सूर एकमेकांशी भांडू लागले, आवाज थरथरू लागला. वरचा किंचित उतरलेला होता. म्हणजे नवी पेटी धडधाकट होती. जुनीच पहिल्यापासून खोटी होती, आणि आमचं अख्खं मंडळ तिच्या खोटेपणाशी जुळवून घेत आलं होतं. की उलट? बाचा गळा तिथे आधीपासून उतरत असेल आणि त्याची लाज राखायला कोणी जुन्या पेटीची ती पट्टी खाली ओढली असेल? आधी कोण उतरलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

मी बाला ओसरीवर बसवलं आणि दोन्ही पेट्या ऐकवल्या. कान त्याचे पक्के होते. दोनदा ऐकताच त्याला उमगलं. मग तो पेटीशिवाय गायला, आणि थोडा खालीच लागला. मी नव्या पेटीवर सूर धरला, तो जोर लावून वर आला, पोचला. पण चेहरा असा केला की जणू दुसऱ्याचा सदरा अंगात घातलाय.

"बराबर हाये हा सूर," तो म्हणाला. "पन थो माहा नाई."

"शिकशीन ना बा तू. रोज म्हटलं तं..."

"आता कायले? या वयात मले कायले वर चढवतं? तिलेच उतरव खाली."

"बा, त्याची पात एकदा खरवडली का तो सूर पुन्हा तसा होत नाई. विलायती काम हाये."

"मंग राहू दे गोधडीत," म्हणून तो उठला आणि बैल सोडायला गेला.

इकडे आड, तिकडे विहीर. खरा सूर ठेवला तर पेटी जन्मभर कोपऱ्यात, आणि बाहेर न्यायची तर एवढी महागाची वस्तू माझ्या हाताने बिघडवायची. मी पाटासमोर बसून राहायचो. तिच्यासारखी दुसरी आमच्या आसपास कुठेच नव्हती. आणि बासारखा तरी दुसरा कुठे होता?

शेवटी मी पेटी उघडली. तो सूर म्हणजे बोटाच्या पेराएवढी पितळेची पात. तिच्या बुडाशी बारीक कानस फिरवली की सूर उतरतो, एवढं मला ठाऊक होतं. जुनी पेटी मी जवळही घेतली नाही. बाहेर बा मोट हाकत होता आणि नेमकी तीच ओळ म्हणत होता. मी थोडं खरवडायचो, वाजवून पाहायचो, पुन्हा खरवडायचो. त्या दिवशी बाने दुसरं काही म्हटलंच नाही. मी ऐकतोय हे त्याला माहीत होतं. पितळेचा भुगा माझ्या नखात बसला, आणि एका क्षणी मोटेवरचा आवाज आणि हातातला सूर एक झाले. तेव्हा कुठे बा थांबला आणि बैलांना पाणी दाखवायला घेऊन गेला.

त्यानंतर पेटी सगळीकडे गेली. मालेगावला गेली, जऊळक्याला गेली, लग्नांत गेली. एका बकरीने तिचा कोपराही कुरतडला. बा दमणीत तिच्यावर हात ठेवायचा, पण "दमानं" म्हणणं त्याने सोडून दिलं. तो गेला त्याच्या आदल्या हंगामापर्यंत ती दोघं बरोबर गात होती.

बा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर एक पेट्या दुरुस्त करणारा फिरत फिरत मळ्यावर आला. परगावचा माणूस, हात कसबी. त्याने आमची पेटी उघडली, पट्ट्या पुसल्या, भाता तपासला. "सूर उत्तम आहेत," तो म्हणाला, "पण हा वरचा गंधार कोणीतरी खरवडलाय. पात नवी घालून देतो."

"नको," मी म्हणालो. "तो राहू द्या तसाच."

तो काही विचारणार, एवढ्यात मिरच्या तोडणाऱ्या बायांनी शेतात गाणं धरलं. त्या वर चढल्या आणि खऱ्या गंधाराच्या जराशा अलीकडेच थांबल्या. त्याने मान वळवून शेताकडे पाहिलं, मग हळूच ती पट्टी दाबली. पेटी आणि बाया बरोबर मिळाल्या.

"इथे सगळेच तिथे उतरतात का हो?" त्याने विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

तो हसला आणि पेटीचे स्क्रू पुन्हा बसवू लागला. मी शेताकडे पाहत राहिलो. त्या बायांपैकी दोघी-तिघी बा गेल्यानंतर लग्न होऊन मळ्यावर आलेल्या होत्या. त्यांनी बाला कधी ऐकलंच नव्हतं.