हातभर दोरा

आईचं गोधड्यांचं सामान विकायचं ठरलं ते बाबांच्या गुडघ्यांमुळे. ते वरच्या खोलीत झोपायचे, आणि एके दिवशी जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या त्यांनी चक्क बसून उतरल्या. मी धावत गेले तर म्हणाले, पडलो नाही, जरा टेकलो. टेकायला जिन्याखेरीज दुसरी जागा नव्हती का, असं मी विचारलं, आणि पुढचा तासभर आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. आमच्या घरात काळजी अशीच व्यक्त होते.

खाली मागच्या बाजूला एक खोली आहे. न्हाणीघर तिला लागून, खिडकीबाहेर कुंपणाचा जांभ्या दगडाचा गडगा आणि त्यावर शेजाऱ्यांच्या फणसाची सावली. बाबांना राहायला याहून सोयीची जागा नव्हती. पण ती खोली आईची. आई-बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हापासून आई तिथेच गोधड्या शिवायची, आणि गेल्या पावसाळ्यात ती गेल्यावरही तिचं सगळं सामान तिथे जसंच्या तसं होतं. पायाचं मशीन, मोठी कात्री, भिंतीला रचलेली जुन्या लुगड्यांची आणि साड्यांची गाठोडी, गोधडीचे कोपरे दाबून धरायला ठेवलेले चार वरवंटे. एवढे वरवंटे घरात असून चटणी मात्र मिक्सरवर, असं मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, मिक्सर ठेव की मग कोपऱ्यावर.

सामान काढून टाकूया हे मी भीतभीत बोलले. बाबा एकदम हो म्हणाले. लोखंड गंजण्याआधी आणि कापड उंदरांनी खाण्याआधी कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, असं त्यांचं म्हणणं. मला वाईट वाटलं. माणसाने थोडं तरी नको म्हणावं. पन्नासहून जास्त वर्षांचा संसार, आणि हा गृहस्थ गाडी सुटायची वेळ झाल्यासारखा घंटी मारून मोकळा.

घंटी मारायची सवय खरीच होती. बाबा लाल गाडीवर कंडक्टर होते. देवरूख, संगमेश्वर, सावर्डे, सगळ्या वाटा त्यांच्या पायाखालच्या, म्हणजे चाकाखालच्या. निवृत्त झाल्यावर त्यांना पहिली काही वर्षं घरात काय करायचं तेच समजेना. आईच्या स्वयंपाकघरात जाऊन ते डबे सरळ लावायचे आणि ती ते पुन्हा वाकडे लावायची. त्यांना खरं काम लागलं ते आईच्या डोळ्यांमुळे.

साखरेने आईचे डोळे खाल्ले. गोधडी शिवायला तिला तेवढं दिसावं लागत नव्हतं. लुगड्यांचे थर अंथरून, त्यावर मांडी घालून बसून, कडेकडेने आत येत ती धावदोरा घालायची, आणि टाका सरळ पडला की नाही हे तिच्या बोटांना कळायचं. घोडं अडायचं ते सुई ओवताना. नेढं दिसायचं नाही, दोरा तीनदा बाजूने जायचा, मग ती सुईला, दोऱ्याला आणि शेवटी त्या वेळी घरात जो असेल त्याला बोलायची. मी नोकरीवर. म्हणजे घरात बाबाच असायचे.

बाबांची नजर चालत्या गाडीत शेवटच्या बाकावरचा विनातिकीट ओळखायची. मोतीबिंदू काढल्यावर तर ती जास्तच तीक्ष्ण झाली. त्यांनी सकाळच्या चहानंतर तिच्या खोलीत खिडकीशी बाकड्यावर बसून आईला दिवसभर पुरतील एवढ्या सुया ओवून ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक सुईला गाठ मारायची, दोरा सुईभोवतीच गुंडाळायचा, आणि सुई आपल्या जुन्या खाकी शर्टाच्या फाडलेल्या पट्टीत टोचून ठेवायची. पट्टी भरली की तिची गुंडाळी करायची. आई शिवायला बसली की गुंडाळी उलगडायची आणि एकेक सुई उपसायची.

पहिल्या दिवशी मात्र त्यांनी चलाखी केली होती. जास्त लांब दोरा घातला की कमी सुया ओवाव्या लागतील, असा त्यांचा हिशेब. आईचा दोरा ओढताना कोपरात गुंतला, त्याच्या गाठी झाल्या, आणि तिने सुई त्यांच्यासमोर धरली. दोरा काय देवरुखापर्यंत न्यायचाय, असं तिने विचारलं. दोरा हातभर हवा. एका ओढीत पूर्ण बाहेर यायला हवा, नाहीतर शिवणारीचा खांदा जातो. मग बाबांनी तिला हात लांब करायला लावला, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत दोरा मापला आणि ते माप बाकड्यावर उतरवलं. बाकड्याच्या कडेला एका टोकाशी खिळा ठोकला आणि दोरा संपला तिथे सुरीने खाच पाडली. त्यानंतर सगळा दोरा खिळ्यापासून खाचेपर्यंत. त्यात कमीजास्त चालायचं नाही.

तर, सामान. मी ओळखीत सांगून ठेवलं आणि देवरुखाजवळच्या एका गावातून एक बाई आली. चाळिशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मोठी. नवरा मुंबईला, मुलंही आता तिकडेच, आणि घरी ती नि तिच्या दोन जावा मिळून गोधड्या शिवायला लागल्या होत्या. हाताच्या गोधडीला आता शहरातून मागणी येते, पण तुकडे जोडायला एक मशीन तिघींत पुरत नाही, असं तिने सांगितलं. बरोबर टेम्पोच घेऊन आली होती, म्हणजे घासाघीस करायला आलेली नव्हती. मला ती आवडली.

बाबांनी विक्रेता म्हणून जे काही केलं ते बघून मी कपाळाला हात लावला. मशीनचा पट्टा सैल आहे, हे त्यांनी तिने विचारण्याआधी सांगितलं. पावसात पायाखालचा पायटा कुरकुरतो हे सांगितलं, आणि कुठे तेल सोडलं की थांबतो हेही दाखवलं. कात्री डावीकडे ओढते, गाठोड्यांतलं अमुक लुगडं विरलेलं आहे, ते आतल्या थरात घाला, वर नको. ती ऐकत होती आणि मान डोलवत होती. मशीन गेलं, कात्री गेली, गाठोडी एकेक करून टेम्पोत चढली. वरवंटे उचलताना ती हसली आणि म्हणाली की हे तिच्या घरीही आहेत. तरी बाबांनी ते चढवायलाच लावले.

राहिली दोऱ्याची पेटी. आई दोरा घाऊक आणायची, पांढरा, लाल आणि काळा, आणि तो एका पत्र्याच्या पेटीत ठेवायची. ती पेटी बाकड्याखाली होती. मी वाकले तर बाबा म्हणाले, "दोऱ्याचां मागनं बगू."

मला वाटलं विसरलेत. बाई आत पाणी पीत होती तेव्हा मी पुन्हा आठवण केली. बाबांनी टेम्पोवाल्याला दोरखंड कसं आवळायचं ते शिकवायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा विचारलं तर ते बाकड्यावर जाऊन बसले आणि पाय पेटीच्या पुढे सोडले. माझं डोकं फिरलं. सगळं जाताना या माणसाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती, आणि आता चार रिळांसाठी हा हट्ट. मी त्यांचे पाय बाजूला केले, पेटी ओढली आणि त्या बाईसमोर उघडली.

आत दोरा नव्हता. म्हणजे रिळांवर नव्हता. रिळांच्या नुसत्या नळ्या एका कोपऱ्यात रचलेल्या होत्या, आणि बाकीची पेटी खाकी गुंडाळ्यांनी काठोकाठ भरली होती. मी एक उलगडली. ओळीने सुया, प्रत्येकीत दोरा, प्रत्येकीला गाठ. दुसरी उलगडली, तीही तशीच. आईने जाताना मागे ठेवलेल्या सुया एवढ्या असणं शक्यच नव्हतं. त्यांचे सगळे जुने खाकी शर्ट त्या पेटीत पट्ट्या होऊन पडले होते, आणि पँटीसुद्धा.

मी सकाळी नोकरीला निघायचे तेव्हा बाबा खिडकीशी बसलेले असायचे. पेपर वाचत असतील असं मी धरून चालले होते.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीबाहेर गडग्याकडे बघून म्हणाले, "सकाळी दुसरां काय करू गो?"

मला रडू आलं. आणि रडू येतं तेव्हा मला आधी राग येतो, त्यामुळे मी म्हटलं की निदान मला सांगायचं तरी, मी दोरा आणून दिला असता. काय बोलत होते मला कळत नव्हतं. ज्या खोलीतलं सगळं मी यांच्यासाठी रिकामं करत होते, त्या खोलीत उद्या सकाळी चहा पिऊन हा माणूस कशासाठी येऊन बसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना जिना टाळता आला असता. सकाळ कशी टाळणार होते?

ती बाई खाली बसली. तिने पदराखालून चाळशी काढून डोळ्यांना लावली, मग विचार बदलून पुन्हा काढून ठेवली. गुंडाळीतून एक सुई उपसली, टेम्पोत न गेलेलं एक फडकं मांडीवर घेतलं आणि न बघता चार टाके घातले. दोरा ओढला, आणि हात पुरता लांब होण्याआधीच तो संपला. तिने पुन्हा ओढून पाहिला.

"काका, सुई झ्याक ओवलीव," ती म्हणाली. "पन दोरा मला आखूड पडतो."

मग तिने सरळ व्यवहाराचं बोलावं तसं सांगितलं. चाळशी लावली की सुई दिसते पण मान दुखते. तिघी जावांची तीच गत. मुलं घरात होती तोवर त्यांना हाका मारून सुया ओवून घ्यायच्या, आता हाक मारायला कुणी नाही. या सगळ्या सुया ती नेणार होती, दोरा आखूड असला तरी बाळांच्या दुपट्यांना चालतील. पण त्या संपल्यावर काय? रिकाम्या सुया ती सकाळच्या गाडीने पाठवील, कंडक्टरकडे डब्यात. ओवून परत त्याच गाडीने पाठवता येतील का?

हे ती बाबांवर दया म्हणून बोलली की गरज म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पुष्कळ निरखून पाहिलं होतं. तिथे मला फक्त चाळशीचा वैताग दिसला.

देवरुखच्या गाडीवर हल्ली कोण कंडक्टर असतो, तो डबा नीट नेईल का, उशिरा सुटली तर काय, असं बाबा स्वतःशीच पुटपुटत राहिले. स्टँडवर जायला रिक्षा लागेल, हे मी मध्येच बोलले तर त्यांनी हातानेच मला गप्प केलं. मग ते तिला म्हणाले, "हात पुढं कर, बाय."

तिने हात लांब केला. बाबांनी एका सुईतला दोरा काढला, तो आखूड म्हणून त्याला दुसऱ्या सुईतला जोडला, आणि तिच्या खांद्यापासून बोटांपर्यंत धरला. मग बाकड्याशी आले, गुडघे कुरकुरत असताना खाली वाकले, खिळ्यापासून दोरा ताणला आणि तो संपला तिथे अंगठा दाबून धरला. मला सुरी आणायला सांगितली. आईच्या खाचेच्या पुढे, चांगलं चार बोटं अंतर सोडून, त्यांनी नवी खाच पाडली. लाकडाचा भुसा फुंकला. मग जुन्या खाचेवरून अंगठा फिरवत थोडा वेळ तसेच वाकून राहिले.

"मला वाटायचां," ते म्हणाले, "सगळ्यांचा हात एवडाच असतो."

बाई गुंडाळ्या पिशवीत भरत होती. त्यातली एक बाबांनी मागून घेतली आणि शर्टाच्या खिशात घातली. टेम्पो निघाला, दोरखंड चांगलं आवळलेलं होतं. बाबा बाकड्यावर बसले आणि त्यांनी सवयीने रिळासाठी हात पुढे केला. रिळं तर सगळी संपलेली होती.

मी चप्पल घातली आणि बाजारात दोरा आणायला गेले.