मालतीकाकू आणि तळ्यातलं औषध

मालतीकाकू मासे घ्यायला गेल्या की आधी भाव विचारत नसत. बोटाने माशाच्या गालावरचं झाकण उचलून कल्ले बघत, लाल असले तरच पुढचं बोलणं. मासेवाली वैतागली की म्हणत, "अगं बाई, जन्मभर कॉलेजात पोरींना हेच दाखवलं. सवय कशी जाणार?"

प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर जुन्या शहरातलं, दांडिया बाजारातलं घर बहिणीवर सोडून त्या शहराच्या कडेला मांजलपूरला आमच्या शेजारी राहायला आल्या. एकट्या राहत, लुना दामटत, मोठ्याने हसत. कशालाच न घाबरणारी ही बाई मी एकदा घाबरलेली पाहिली.

नव्वदनंतरची ती वर्षं. आमच्याकडे रोज नवी सोसायटी उभी राहत होती. आमच्या मागच्या तळ्यात जलपर्णी माजली होती, डास फार. सोसायटीच्या कमिटीने शेतातलं तण मारायचं औषध आणून तळ्यात फवारून घेतलं. पानं पिवळी पडली, सगळे खूश झाले.

काही दिवसांनी सकाळी पाहिलं तर मासे पाण्यावर तोंडं वासून तरंगताहेत. काही आडवे होऊन गोल गोल फिरत होते. लोक टोपल्या घेऊन उतरले. काकू धावत आल्या. "कोणी खाऊ नका! फेकून द्या ते!" दोघाचौघांनी ऐकलं, बाकीचे हसत घरी गेले.

एक मासा त्यांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून चिरला. मी शेजारी उभी होते. मला सातवा महिना होता.

"पाला कुजला की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे वर येतात," त्या म्हणाल्या. "पण तेवढंच नाही गं हे." कल्ल्यांवर पांढरट, चिकट थर होता. यकृत फिकट पडलेलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"आपल्याला काय होतं याने, काकू?"

"माशांचं थोडंफार कळतं मला. तुझ्या पोटातल्याचं काहीच सांगता येत नाही."

आमची प्यायच्या पाण्याची बोर तळ्याच्या काठालाच होती.

काकू सोसायटीच्या गुजराती सेक्रेटरीकडे गेल्या. तो हसला. "बेन, माछली ज मरी छे ने! माणस तो बधा साजा छे." मासेच तर मेलेत, माणसं सगळी ठणठणीत आहेत, असं त्याचं म्हणणं. मग पाण्याची बाटली घेऊन त्या आपल्या जुन्या कॉलेजात गेल्या. तसलं काही तपासायची सोय तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्या बहिणीकडून नळाचं पाणी कॅनमध्ये भरून लुनावर आणू लागल्या. मी तेच प्यायचे, पण आंघोळ बोरच्याच पाण्याने. अंगावर तांब्या ओतताना काटा यायचा. दुपारी बाळ हललं नाही की मी काकूंचं दार ठोठावायचे. त्या माझा हात धरून बसत. "हलेल. थांब जरा." त्यांचेच तळवे ओले झालेले असत.

मुलगी झाली, धडधाकट. मी म्हटलं, "काकू, आता पुरे करा पाणी आणणं."

"आणि ती दूध कुणाचं पिते गं?" त्या म्हणाल्या. सकाळी कॅन दारात होता. आमच्याकडे महापालिकेचा नळ येईपर्यंत तो येत राहिला.

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी काकू आजारी पडल्या, त्यातून उठल्या नाहीत. शेवटच्या भेटीत त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोर बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मी उगाच घाबरवलं का गं तुला?"

"नाही, काकू."

त्यांनी डोळे मिटले. "उगाच असू दे गं," त्या म्हणाल्या. "सगळं उगाचच असू दे."