एकास दोनशे

जोगेश्वरीची शकु गमरे विसरणाऱ्यांतली नव्हे. चारकोपच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीन वर्षं ती काउंटरवर लोकांच्या लघवीच्या बाटल्या घेत बसली, आणि रोज सकाळी सुपरवायझर नंदकिशोर आत शिरला की खणखणीत आवाजात म्हणायची, "गुड मॉर्निंग सर!" का, तर त्याचा चहा कडू व्हावा म्हणून. दुसरीकडे नोकरी मिळत होती, गेली नाही. "मी गेले तर तो सुखाने जेवेल," असं आईला सांगायची.

त्याआधी ती आतल्या अंधाऱ्या खोलीत काम करायची. पेशंटच्या किडनीचा दोऱ्याएवढा तुकडा यायचा, त्याचे पातळ काप काचेवर घ्यायचे. माणसाच्या अँटीबॉडीत हलक्या साखळ्या दोन जातींच्या, कप्पा आणि लॅम्डा. एका कापावर कप्पाला धरणारी अँटीबॉडी घालायची, दुसऱ्यावर लॅम्डाला धरणारी. दोन्हींना हिरवा चमकणारा रंग जोडलेला. दोन्हींतली एकच लखलखली, तर रक्तात काहीतरी वाईट शिजतंय असं समजायचं. मायक्रोस्कोपला डोळा लावला की शकुला जेवणाची शुद्ध राहायची नाही.

ही अँटीबॉडी कुपीत घट्ट येते, ती एकास चाळीस पातळ करायची असते. नंदकिशोर मात्र "एक कुपी वर्षभर पुरवतो" म्हणून मालकिणीपुढे मिरवायचा, आणि गुपचूप एकास दोनशे करून ठेवायचा. शकुने दोनदा सांगितलं, चमक कमी येतेय सर. "तुझे डोळे तपासून घे," म्हणाला मेला!

मग एका पेशंटच्या दोन्ही स्लाइड काळ्या दिसल्या, रिपोर्ट 'काही नाही' असा गेला, आणि सहा महिन्यांत तो माणूस त्याच न दिसलेल्या रोगाने वारला. लॅबच्या मालकीण डॉक्टर गार्गी यांनी जाब विचारला. नंदकिशोर बेधडक म्हणाला, "शकुने स्लाइड ट्यूबलाइटखाली उघडी ठेवली. चमक उडाली." उजेडात चमक उडते हे खरंच असतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. कुपी महिनोन्‌महिने कशी संपत नाही, हे शकुने ओरडून सांगितलं, पण पुरावा कुठून आणणार? त्याच दिवशी तिला काउंटरवर बसवलं.

गेल्या फेब्रुवारीत नंदकिशोर त्या काउंटरशी येऊन उभा राहिला. तोंड उतरलेलं.

"शकु, माझ्या आईच्या किडनीचा तुकडा आलाय. एवढासाच आहे, फुकट गेला तर परत मिळणार नाही. तू कर ना."

"मी? मी तर स्लाइड उजेडात ठेवते."

"प्लीज शकु. नवी कुपी फोडतो. एकास चाळीस करू."

"आणि इतके दिवस काय करत होतात?"

त्याने वळून डॉक्टर गार्गींच्या केबिनचं दार बंद आहे ना ते पाहिलं.

"बाईंच्या केबिनमध्ये चला. तिथे बोला. मग हात लावते."

"आधी स्लाइड कर, मग सांगतो. आईशप्पथ!"

"आईला मध्ये आणू नका. आधी सांगा."

गेला बिचारा. बिचारा कसला! त्याने सगळं कबूल केलं आणि शकु दाराला टेकून एकेक शब्द ऐकत होती. डॉक्टर गार्गींचा चेहरा पांढराफटक पडला. त्या एवढंच म्हणाल्या, "शकु, आत जा. काम तुझं."

तिने दिवे मालवले, काप घेतले, थेंब घातले, अर्धा तास थांबून धुतले. मग स्टुलावरून उठली. "बसा सर. स्वतः बघा."

कप्पाची स्लाइड काळी होती. दुसरी लावली तर लॅम्डा नुसती लखलखत होती. नंदकिशोरने मायक्रोस्कोपवरून डोळा काढलाच नाही, त्याचे खांदे तेवढे हलत राहिले. शकुला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. म्हातारीचं वाईट वाटलं, पण ते वेगळं.

तेवढ्यात डॉक्टर गार्गी आत आल्या. "त्याने पातळ केलेल्या कुपीवर आणखी किती जणांचे रिपोर्ट गेले असतील गं?"

शकुचं हसू विरलं. हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. तीन वर्षं तिला फक्त स्वतःचं नाव दिसत होतं.

तिने फ्रीझर उघडला. जुन्या पेशंटांच्या उरलेल्या तुकड्यांच्या डब्यांनी खणच्या खण भरलेले. तिने हातमोजे नंदकिशोरच्या अंगावर फेकले.

"काढा एकेक. नाव वाचा, मी स्लाइडवर लिहिते."

तो वाचू लागला. तिसऱ्या नावाला त्याचा आवाज फाटला.

"मोठ्याने," शकु म्हणाली.