शिंकेचा आळ

माझी बायको खोटं बोलते, असं मी सात महिने समजत होतो आणि तिच्या तोंडावर म्हणतही होतो. त्यानंतर मी स्वतः खोटं बोललो, आणि ते बरीच वर्षं टिकवलं. आमच्या नात्यागोत्यात आजही सांगतात की यांना कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे. ती बातमी मीच पसरवली होती. आता खरं काय ते लिहितो.

मी अमरावतीत राहायचो आणि अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर होतो. बडनेऱ्याहून रोज रेल्वेनं अपडाऊन. सकाळी साडेसहाला निघायचं, घरी यायला साडेआठ-नऊ वाजायचे. लेकीचं लग्न झालं होतं, बायको दिवसभर एकटी. समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्या वारल्या. मुलं आली, तेरवी केली, फाटकाला कुलूप लावलं आणि गेली. बाईंचा तांबडा कुत्रा त्या कुलपासमोर बसून राहिला.

बायको त्याला भाकर टाकू लागली. एका रविवारी जेवताना म्हणाली, "आइकता काय? त्याले आपल्याकडंच आनू."

"अन त्याले सांभाळनार कोन? मी चौदा घंटे बाहेर."

"तुमाले कोन सांगून राहिलं सांभाळाले? मी आहो ना. तुमी तर घरी निस्ते झोपाले येता."

"अन माही शिंक?"

शिंकांचा त्रास मला त्याआधी वर्षभर होता. घरी आलो की नाक वाहायचं, डोळे चुरचुरायचे. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या देताना सहज विचारलं होतं, घरात कुत्रं-मांजर आहे का? नव्हतं. पण तेवढा प्रश्न माझ्या डोक्यात बसला होता. शेवटी ठरलं असं की कुत्रा अंगणात, जिन्याखाली राहील, उंबरा ओलांडणार नाही. एक महिना पाहायचं, मग ठेवायचा की नाही ते मी सांगायचं. एक महिना ठरला होता, मी सात महिने पाहत राहिलो.

शिंका वाढल्या. मी घरात पाऊल टाकलं की सुरू. मी लगेच ताडलं: माझ्या मागे ही त्याला आत घेते. रविवारी मी घरी असायचो, तेव्हा शिंका कमी. माझा संशय पक्का झाला. मी असतो म्हणून रविवारी ती त्याला आत घेत नाही. दिवाळीत मिल चार दिवस बंद होती. कुत्रा दारालाच टेकून झोपायचा आणि मला एक शिंक नाही. त्यावर मी मनात म्हटलं, सणाचं न्हाऊ घातलं असेल.

दुपारी मिलमधून फोन करायचो.

"काय करून राहिली?"

"भाजी निवडून राहिली."

"ते कुठी आहे?"

"कोन?"

"तुले मालूम आहे कोन."

"अंगनात झोपलं हाये. देऊ काय फोन त्याले?"

तिला हे सुरुवातीला गमतीचं वाटत होतं. मला मात्र त्या गमतीतही लपवाछपवी ऐकू यायची. एकदा निघताना मी आतल्या उंबऱ्यावर चिमूटभर कणीक भुरभुरली, पंजे उमटतील म्हणून. संध्याकाळी उंबरा स्वच्छ पुसलेला. पुरावा पुसून टाकला असं मी धरलं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून रोज उंबरा पुसते, हे मला माहीत होतं. तरीही धरलं.

मग एकदा पलंगावर बसल्याबसल्या शिंकांची सर आली आणि मी ओरडलो, "तू त्याले पलंगावर घेते!" तिनं लेकीची शपथ घेतली. मी म्हटलं, कुत्र्यापायी लेकीले मधात आणू नको. त्यानंतर तिनं शपथ घेतली नाही आणि उत्तरही दिलं नाही. मी विचारायचो, ती पोळी लाटत राहायची. तिच्या गप्प बसण्याला मी कबुली समजलो.

सातव्या महिन्यात मिलमधल्या एकानं अकोल्यातल्या एका अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मी आनंदानं गेलो. मला उपचार नको होते, तिच्यासमोर ठेवायला कागद हवा होता. त्यांनी हातावर थेंबांच्या रांगा लावल्या, प्रत्येक थेंबात सुई टोचली आणि बाहेर बसवलं. थोड्या वेळानं दोन ठिकाणी गांधी उठल्या. डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, "कुत्र्याचं काही नाही. धान्याच्या धुळीचं आहे. काम काय करता?"

"डाळ मिलमध्ये."

"मग मला काय विचारता?"

मिलमध्ये तुरीचं टरफल उडायचं, कोंडा हवेत तरंगायचा. तोंडाला रुमाल बांधून सगळेच शिंकायचे. तिथं शिंकेला कोणी आजार म्हणत नसे. तीच धूळ अंगावर घेऊन मी घरी यायचो, शर्ट पलंगाशेजारच्या खुंटीला अडकवायचो आणि बायकोवर आळ घ्यायचो.

परतीच्या गाडीत मी तो कागद दोनदा वाचला. निवृत्तीला चार वर्षं होती. ती म्हणेल नोकरी सोडा, हे एक कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण दुसरं होतं. कागद दाखवला असता तर सात महिन्यांबद्दल तिच्यापुढं मान खाली घालावी लागली असती. मूर्तिजापूर यायच्या आत मी कागदाचे तुकडे करून खिडकीबाहेर सोडले.

घरी सांगितलं, "कुत्र्याचीच निघाली."

ती म्हणाली, "कागद दाखवा."

"डॉक्टरनं ठेवून घेतला."

ती माझ्याकडं बघत राहिली.

मिलमध्ये तूर घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याचा परतवाड्याकडे संत्र्याचा बगीचा होता. त्याला राखणीला कुत्रा हवा होता. तो पिकअप घेऊन आला. बायकोनं फडक्यात भाकरी बांधून दिल्या आणि बजावलं, "चुरून द्या जी, अख्खी खात नाही." कुत्रा गाडीत चढेना. शेवटी तिनंच त्याला उचललं. कुठं धरावं ते तिला कळत नव्हतं. एक हात मानेखाली, एक पोटाखाली, मग पुन्हा बदलून. याआधी तिनं त्याला कधी उचललं नव्हतं, हे त्या अवघडलेल्या हातांवरून मला स्पष्ट दिसलं. तरीही मी फळी लावली आणि गाडीवाल्याला निघ म्हणालो.

पुढं ती अधूनमधून विचारायची, कसा हाये तो? मी सांगायचो, खुशाल आहे. मी चौकशी केलीच नव्हती. दोन वर्षांनी तो शेतकरी भेटला तेव्हा कळलं, आठवड्याच्या आत दोर तोडून कुत्रा गेला होता. कुठं, कोणाला माहीत नाही. त्यानंतरही मी खुशाल आहे असंच सांगत राहिलो.

कुत्रा गेल्यावरही शिंका चालूच होत्या; गल्लीतल्या कुत्र्यांमुळं होतं, असं मी सांगायचो. निवृत्त झालो आणि महिनाभरात त्या थांबल्या. "आताशा शिंकत नाई तुमी," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, वयानं जाते. ती हं म्हणाली. त्या हं मध्ये काय होतं याचा विचार मी कितीतरी दिवस केला.

यंदा दारावर शेवंती विकायला येणाऱ्या बाईनं तिला सांगितलं, आमच्या मळ्यात कोणीतरी एक कुत्री सोडून गेलं आहे, गरीब आहे, न्या. मी आत पेपर वाचत होतो. बायको म्हणाली, "नाई वो बाई, आमच्याकडं नाई चालत. यायले कुत्र्याचा तरास होते."

माझं खोटं ती माझ्यासाठी वापरत होती, जपून, माझी काळजी घेतल्यासारखं. मला पेपर पुढं वाचता आला नाही. फुलं घेऊन ती आत आली तेव्हा मी सगळं सांगितलं. टेस्ट, कागद, परतवाडा, सगळं.

तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "काहून सांगून राहिले हे आता? तुमाले काही झालं काय? डॉक्टरनं काही सांगतलं?"

"काही नाही झालं."

"मंग तो कागद?"

"फाडला."

"म्हंजे हे बी तुमच्या बोलन्यावरच धराचं."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, "अन तो आठ दिवसातच गेल्ता?" मी हो म्हटलं. ती उठून मागच्या अंगणात गेली.

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फुलवालीच्या मळ्यात गेली, मला न विचारता, आणि कुत्रीला घेऊन ऑटोनं परत आली. कुत्री घरात हिंडते, पलंगाखाली झोपते. मला शिंक येत नाही. बायको मात्र माझं नाक वाजलं की हातातलं काम थांबवून बघते.

मी आता दिवसभर घरीच असतो. तरी बाजारात जाताना ती कुत्रीच्या गळ्यात दोरी अडकवते. काल मी म्हटलं, उन्हाचं कशाला नेतेस, राहू दे माझ्यापाशी.

"नको," ती म्हणाली. पिशवी घेतली, कुत्रीला पुढं घातलं आणि जाताना फाटकाची कडी बाहेरून लावून गेली.