थोडंफार येतं

आत्या तेव्हा आयुष्यात एकदाही नोकरीला गेली नव्हती, पण आमच्या लालबागच्या चाळीतलं एकही पोर तिने स्वतः मुलाखत घेतल्याशिवाय नोकरीला जाऊ दिलं नाही. ती खरं तर कुणाचीच आत्या नव्हती. तिची खोली जिन्यालगत, त्यामुळे इस्त्रीचा शर्ट घालून कुणी खाली उतरू लागला की तिच्या तावडीत सापडायचाच. "खंय रे, इंटरव्ह्यूक? मग आधी आत ये." तिच्यापेक्षा कंपनीचा साहेब परवडला, असं आम्ही म्हणायचो.

ती कोलंबी सोलत बसायची आणि उमेदवार समोर पाटावर. पहिला प्रश्न ठरलेला, "काय काय येतं तुला?" माझी पाळी आली तेव्हा मी बी.कॉम. होऊन वर टॅलीचा कोर्स पहिल्या वर्गात पास झाले होते. मान खाली घालून म्हणाले, "अकाउंट्सचं थोडंफार येतं."

आत्याने कोलंबी परातीत आपटली. "थोडंफार म्हणजे काय गो? मीठ आहे काय ते? बाहेर जा, परत ये."

मग गॅलरीत जायचं, दार वाजवायचं आणि आत येऊन नीट सांगायचं. आमच्या घरांत स्वतःबद्दल चांगलं बोलणं म्हणजे जवळजवळ चोरी. माझा पहिला नंबर आला तरी आई पाहुण्यांना "झाली कशीबशी पास" असंच सांगायची. आत्याला ते अजिबात मान्य नव्हतं.

थापाही तिला चालत नसत. शेजारच्या बाळ्याने एकदा "माझ्यात लीडरशिप आहे" असं फेकून पाहिलं.

"कुणाचा लीडर तू? घरातलं मांजर तरी ऐकतं का तुझं?" मग तिनेच त्याच्याकडून काढून घेतलं की गणपतीत तो दर्शनाची रांग सांभाळतो आणि रात्रंदिवस गर्दी असून तिथे कधी ढकलाढकली झालेली नाही. "हे सांग. केलंस तेवढंच सांग, पण ताठ मानेने सांग." त्यावर बाळ्याला एका मॉलमध्ये नोकरी लागली.

पुढे आत्याच्या नवऱ्याची नोकरी सुटली. घरात दुसरी मिळकत नव्हती. परळच्या एका नव्या टॉवरमधल्या ऑफिसला कँटीनसाठी मुख्य स्वयंपाकीण हवी होती. आत्याने जायचं ठरवलं. बाळ्याने आणि मी तिला धरून पाटावर बसवलं, परात मी पुढ्यात ओढली आणि विचारलं, "काय काय येतं तुम्हाला?"

आत्या पदराशी चाळा करू लागली. "मी काय गो, घरीच असते. जेवण करते थोडंफार."

बाळ्या हसून लोळला. मला मात्र खरंच राग आला. मंडळाच्या कार्यकर्त्यांना गणपतीत दोन्ही वेळ पोटभर जेवायला घालणारी बाई ही! "बाहेर जा, परत ये," मी ओरडले. ती मुकाट्याने गॅलरीत गेली. तिला कितीदा तरी पाठवलं. शेवटी ती दारातूनच खेकसली, "शंभर माणसांचं जेवण एकटी करते, आणि मीठ चाखून बघावं लागत नाही! पुरे?"

"पुरे," मी म्हणाले.

मुलाखतीत तिने हेच सांगितलं, ह्याच आवाजात, शेवटच्या "पुरे?"सकट. नोकरी मिळाली. त्या कँटीनवर तिने पुढे कित्येक वर्षं राज्य केलं आणि हाताखालच्या मुलींनाही दार वाजवून परत यायला लावलं.

गेल्या वर्षी आत्या गेली. बाळ्या आता मंडळाचा सेक्रेटरी आहे. चाळीच्या दारातल्या फळ्यावर त्याने रीतीप्रमाणे लिहिलं, "आपल्या चाळीतील ज्येष्ठ गृहिणी आत्या यांचे दुःखद निधन." मला तोवर रडू आवरत नव्हतं, ते वाचून एकदम थांबलं.

"पूस," मी म्हणाले. "परत लिही."

गृहिणी पुसून त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "शंभर माणसांचं जेवण एकटीने करणाऱ्या मुख्य स्वयंपाकीण." मग नाक ओढत माझ्याकडे वळला. "पुरे?"

"नाही. आपल्या सगळ्यांना नोकरीला लावणाऱ्या, हेही लिही."