बाबांच्या रायफलीचा पक्का स्कोप

हातात चहा असेल तर आधी खाली ठेवा. मी घातलेला घोळ ऐकून माझी सख्खी बहीण ठसका लागून खोकत सुटली होती, म्हणून सांगते.

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, नंतर सांगायची हिंमत होणार नाही. लग्न होऊन नाशिकहून इंदूरला आले त्याला दहा वर्षं झाली. माझे सासरे, म्हणजे बाबा, पक्के इंदुरी मराठी, वय एकोणसत्तर. रिटायर झाल्यावर लोक भजनाला लागतात, हे नेमबाजीला लागले! महू रोडवरच्या एका क्लबात छर्‍याची एअर रायफल घेऊन जातात. तिच्यावर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. ऑफिसच्या मित्रांनी निरोपाच्या दिवशी दिलेली. तिला जेवढं जपतात तेवढं घरात कुणालाच जपत नाहीत.

पण त्या रायफलीच्या पोटात जाडजूड स्प्रिंग. दर छर्‍याला असा हादरा बसतो की स्कोपचे स्क्रू ढिले झालेच म्हणून समजा.

"सूनबाई," बाबा गुरुवारी म्हणाले, "रविवारी आम्हा सीनियर लोकांचा मुकाबला आहे, अन् हे स्क्रू पुन्हा ढिले. तू केमिस्ट्रीवाली. काही जुगाड कर ना यार."

केमिस्ट्रीवाली म्हटलं की मी फुगतेच! लगेच मोबाइलवर वाचत सुटले. तर काय, स्क्रूच्या आट्यांवर लावायचा एक द्रव मिळतो म्हणे, थ्रेडलॉकर. एक थेंब लावा, स्क्रू पिळा, मग कितीही हादरे बसोत. इतकी गमतीची वस्तू जगात आहे आणि मला पत्ताच नाही?

तडक सियागंजचा हार्डवेअर बाजार गाठला. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, बाद में खोलना है कि नहीं?"

"खोलना क्यों है भिया? एकदम पक्का चाहिए!"

"तो लाल वाला ले जाओ."

घरी आले तेव्हा बाबा फिरायला गेले होते. स्कोप काढून टेबलावर ठेवलेला. एक टोक रुंद, एक अरुंद. आता डोळा लावायचा म्हणजे ऐसपैस बाजूच हवी ना? तुम्हीही तेच केलं असतं. नसतं? बरं, राहू द्या.

सहाही स्क्रूंना लाल द्रव लावून स्कोप तसाच रायफलीवर पिळून बसवला. एक थेंब पुरे असं लिहिलं होतं, पण एवढ्याशाने काय होतंय? चांगले ओघळ येईपर्यंत लावला. बाटली मात्र अर्धीच भरलेली निघाली. तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हणून एक थेंब स्टीलच्या ताटलीत टाकून ठेवला, किती वेळात वाळतो ते बघायला. मग स्कोपमधून पाहिलं, तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर थेट भोपाळला जाऊन बसलेलं! म्हटलं, झूमबिम असेल काहीतरी, बाबा करतील.

बाबा आले. त्यांनी स्कोपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा स्कोपकडे पाहिलं.

"अं… छान," म्हणाले. मला वाटलं, भारावलेत.

सकाळी उठून बघते तर स्क्रूंभोवतीचे ओघळ ओलेच! ताटलीतला थेंबही ओलाच! म्हणजे माल नकली, वर बाटली अर्धी. माझं डोकं असं काही तापलं! पुरावा म्हणून ताटली उचलली, धूळ नको म्हणून वर दुसरी ताटली घट्ट दाबून बसवली, पिशवीत घातली आणि शाळेत गेले. शाळा सुटल्यावर पुन्हा सियागंज.

"भिया, मैं टीचर हूँ, मुझे बेवकूफ मत बनाओ! रात भर रखा, पानी का पानी है. ये देखो!"

आणि वरची ताटली उचलायला गेले. ती निघेना. ओढली. निघेना. दुकानातलं एक गिऱ्हाईक मदतीला आलं. एक ताटली त्याच्या हातात, एक माझ्या, आणि आम्ही दोघं रस्सीखेच खेळल्यासारखे मागे वाकलेलो!

दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकून हसत होता. "मॅडम, ये हवा में नहीं जमता. हवा बंद हुई और लोहा मिला, तब जमता है. इसीलिए तो बोतल आधी भरते हैं, अंदर हवा रहे, नहीं तो बोतल में ही जम जाएगा." मग डोळे पुसत म्हणाला, "वैसे आप पढ़ाती क्या हो?"

"हिस्ट्री," मी म्हणाले.

पण खरं सांगू? लाज वाटायच्या ऐवजी मला आनंदच झाला. सगळं जग हवेत वाळतं आणि हे हवा गेली की जमतं! म्हणजे बाहेरचे ओघळ ओले, पण आत आट्यांमध्ये काम फत्ते! स्कूटी अशी पळवली की विचारू नका. दारातूनच ओरडले, "बाबा, माल अस्सल आहे! आता तो स्कोप जन्मात निघणार नाही!"

बाबा रायफल पुढ्यात घेऊन बसलेले. हातात स्क्रू फिरवायची एलन की, कपाळावर घाम.

"ते मला दुपारीच कळलंय, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "पण तो उलटा बसलाय."

मी वाकून स्कोपला डोळा लावला. "काल का नाही बोललात?"

"तू इतकी खुश होतीस! म्हटलं, तू शाळेत गेलीस की चुपचाप काढून सीधा करून घेऊ. तर एकही स्क्रू हलायला तयार नाही."

दुकानदाराला फोन लावला. "भिया, ये खोलते कैसे हैं?"

"आप ही तो बोली थीं, खोलना क्यों है!" पण माणूस भला. म्हणाला, स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवा, चांगलं गरम करा आणि गरम असतानाच फिरवा.

शनिवारी फिजिक्सच्या लॅबमधून सोल्डरिंग आयर्न मागून आणलं. बाबा स्कोपवर ओलं फडकं धरून बसले. "काच तडकेल गं," दर दोन मिनिटांनी. पहिला स्क्रू कट्‌ करून सुटला तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो. पाच निघाले. सहावा निघेना, त्याची खाच झिजायला लागली. बाबांनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा तापवला तेव्हा कुठे सुटला.

मग जुना लाल थर स्पिरिटने पुसून काढला आणि निळा थ्रेडलॉकर आणला. तो लावलेला स्क्रू साध्या किल्लीनेही उघडता येतो. या वेळी स्कोप बाबांनी स्वतः बसवला, सीधा. मी फक्त थेंब लावले. एकेकच!

रविवारी दुपारी बाबा परत आले, चेहरा एवढासा.

"हलला का हो?" मी घाबरत विचारलं.

"नाही. जरासुद्धा नाही. एकदम पक्का."

"मग नंबर?"

"शेवटून दुसरा." बाबांनी रायफल कोपऱ्यात उभी केली. "इतकी वर्षं हरलो की सांगायचो, अरे यार, स्क्रू ढिले झाले. सगळे मान डोलवायचे. आज एकेकाने येऊन स्कोप हलवून बघितला."

मी आत जाऊन पाणी आणून दिलं.

ते घोटभर प्यायले आणि म्हणाले, "तो उलटाच राहू द्यायला हवा होता गं. निदान तुझं नाव तरी सांगता आलं असतं!"